शोध कोणी घेतला?

ऑस्ट्रेलियातील आउटबॅकमध्ये, म्हणजे किनारपट्टीच्या शहरांपासून दूर आत पसरलेल्या कोरड्या आणि विरळ वस्तीच्या मुलखात, घडणारे कमी खर्चाचे पोलिसी चित्रपट गेल्या दहा-बारा वर्षांत जगभर पाहिले गेले आहेत. गॅमिलरॉय आदिवासी वंशाचे दिग्दर्शक आयव्हन सेन यांच्या 'मिस्टरी रोड'ने 2013 चा सिडनी चित्रपट महोत्सव सुरू झाला, आणि त्यांचाच कृष्णधवल 'लिम्बो' 2023 च्या फेब्रुवारीत बर्लिन महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत दाखवला गेला. या चित्रपटांविषयी चर्चा सुरू झाली की ती हटकून एकाच जागी येऊन अडकते: चित्रपट पोलिसांच्या बाजूचा की आदिवासींच्या? एका गटाला त्यात गोऱ्या समाजाला सतत आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारा प्रचार दिसतो, आणि रहस्यकथा म्हणूनही ते संथ व अर्धवट वाटतात. दुसऱ्या गटाची तक्रार नेमकी उलटी असते: पोलिसालाच नायक केले की पोलीस खात्याच्या दीड-दोनशे वर्षांच्या कृत्यांवर पांघरूण पडते. दोन्ही गट पडद्यावरचा पोलीस चांगला आहे की वाईट, एवढेच मोजत बसतात.

हे माप चुकीचे आहे असे मला वाटते. पोलीस आणि आदिवासी यांच्यातील नात्याचा इतिहास सांगायला गुन्हेकथेइतका योग्य प्रकार दुसरा नाही, आणि याचे कारण त्या प्रकाराच्या पायातच आहे. मृतदेह सापडला की कोणीतरी चौकशीला येणार, साक्षी घेतल्या जाणार, खुणा जपल्या जाणार, हे गृहीत धरूनच प्रत्येक गुन्हेकथा सुरू होते. प्रेक्षकही ते मनात धरूनच बसलेला असतो. सेन यांच्या कथा हेच गृहीत त्याच्या डोळ्यांदेखत मोडतात. खुनी कोण, हा प्रश्न त्यांत विचारला जातो खरा, पण त्याच्या आधीचा प्रश्न त्याहून जड होत जातो: इतकी वर्षे शोध कोणी घेतला, आणि घेतला नसेल तर का नाही? हा प्रश्न विचारण्यासाठी तपासाचीच कथा लागते. जिथे शोध अपेक्षित आहे, तिथेच तो न घेतला जाणे डोळ्यांत भरते.

'मिस्टरी रोड'मध्ये एका आदिवासी मुलीचा मृतदेह हमरस्त्याखालच्या मोरीत सापडतो. शहरात गुप्तहेर म्हणून तयार होऊन गावी परतलेला जे स्वॉन हा आदिवासी अधिकारी तपास हाती घेतो, पण त्याला ठाण्यातून फारशी साथ मिळत नाही आणि त्याचे स्वतःचे लोकही त्याच्याशी मोकळेपणाने बोलत नाहीत. ज्या ओहोळाजवळ प्रेत सापडते आणि ज्या टेकडीवर शेवटची चकमक होते, त्या दोन्ही जागांची नावे जुन्या कत्तलींची आठवण ठेवणारी आहेत, आणि चित्रपटातली माणसे ती नावे रोजच्या पत्त्यासारखी उच्चारतात. 'लिम्बो'मध्ये वीस वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या आदिवासी मुलीचे प्रकरण पुन्हा उघडावे की नाही हे तपासण्यासाठी एक गोरा, अमली पदार्थाच्या आहारी गेलेला गुप्तहेर ओपल या रत्नाच्या खाणींच्या गावात येतो. चित्रण दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कूबर पेडी येथे झाले आहे. तिथे उन्हाळा इतका कडक असतो की अनेक लोक जमिनीखाली कोरलेल्या घरांत राहतात, आणि बाहेर क्षितिजापर्यंत खाणकामगारांनी उपसलेल्या मातीचे ढीग दिसतात. कुटुंबीय त्याला दारातूनच परत पाठवू पाहतात. ते का बोलत नाहीत हे हळूहळू उलगडत जाते: त्या वेळच्या पोलिसांनी आदिवासी पुरुषांनाच, त्यांत मुलीच्या भावालाही, संशयित धरून पिळून काढले होते. मुलगी त्यांची, संशयही त्यांच्यावरच.

ही पटकथाकाराची अतिशयोक्ती आहे असे ज्याला वाटेल त्याने न्यू साउथ वेल्समधील बाउराव्हिल हे गाव आठवावे. सप्टेंबर 1990 ते फेब्रुवारी 1991 या पाच महिन्यांत, गावाच्या कडेच्या एकाच आदिवासी वस्तीतून तीन मुले नाहीशी झाली. दोघे सोळा वर्षांचे आणि एक चार वर्षांची चिमुरडी. (त्यांची नावे सार्वजनिक आहेत, पण अनेक आदिवासी समाजांत मृतांची नावे उच्चारू नयेत असा संकेत आहे, तो मी इथे पाळतो.) पहिली मुलगी हरवली तेव्हा ती आपल्या मनाने कुठेतरी भटकायला गेली असावी, अशा समजुतीत पहिले, मोलाचे दिवस गेले. दोन मुलांचे अवशेष रानात सापडले; त्या पहिल्या मुलीचे फक्त कपडे नदीत मिळाले. एका स्थानिक गोऱ्या मजुरावर दोन खुनांचे खटले वेगवेगळे चालले आणि 1994 व 2006 मध्ये तो दोन्हींतून सुटला. तिन्ही प्रकरणे एकत्र ठेवून पाहिली तर चित्र वेगळे दिसते, असे कुटुंबीय वर्षानुवर्षे सांगत राहिले. त्यांच्या रेट्यामुळे नवा तपास झाला, संसदीय समिती नेमली गेली, 2016 मध्ये राज्याच्या पोलीस आयुक्तांनी माफी मागितली. पण 2018 मध्ये न्यायालयाने पुन्हा खटला चालवण्यास नकार दिला, कारण पुढे केलेला पुरावा कायद्याच्या अर्थाने नवा नव्हता. तो आधीच्या खटल्यातही मांडता आला असता. पुढच्या वर्षी सर्वोच्च पातळीवरचे अपीलही नाकारले गेले. पहिल्या आठवड्यांतला निष्काळजीपणा तीस वर्षांनंतर न्यायाच्या आड कसा उभा राहतो, हे इथे दिसते. हे सांगायला न्यायनिवाड्याची शेकडो पाने लागतात, आणि ती किती जण वाचतात? 'लिम्बो'मधला थकलेला गुप्तहेर जुन्या मुलाखतींच्या ध्वनिफिती ऐकत बसतो, तेव्हा तोच प्रकार प्रेक्षकाला काही मिनिटांत समजतो.

आता विरोधकांच्या आक्षेपांकडे वळतो, आणि त्यांतला सर्वांत बळकट आधी घेतो. पोलीस नायक असणे हा आदिवासींच्या संदर्भात साधा कथानकाचा भाग असूच शकत नाही, हे मला मान्य आहे. क्वीन्सलँडमध्ये एकोणिसाव्या शतकात 'नेटिव्ह पोलीस' नावाचे दल होते. 1848 मध्ये न्यू साउथ वेल्स सरकारने ते उभारले. 1859 मध्ये क्वीन्सलँड वेगळे झाल्यावर ते त्या वसाहतीच्या हाती गेले आणि शतक संपत येईपर्यंत टिकले. अधिकारी गोरे, शिपाई आदिवासी, आणि शिपाई मुद्दाम दूरच्या प्रदेशांतून आणलेले, म्हणजे ज्यांच्यावर गोळ्या झाडायच्या त्यांच्याशी त्यांचे नाते नसावे. या दलाच्या हातून झालेल्या हत्या हा सीमाभागातल्या, म्हणजे गोऱ्यांची वस्ती जिथे नव्याने पसरत होती तिथल्या, हिंसेचा फार मोठा हिस्सा आहे. न्यूकॅसल विद्यापीठातल्या इतिहासकार लिंडल रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेल्या कत्तलींच्या नकाशात चारशेहून अधिक ठिकाणे नोंदवली आहेत, आणि त्यांत मारले गेलेल्या आदिवासींची संख्या दहा हजारांच्या वर जाते. अशा देशात आदिवासी माणसाच्या अंगावर पोलिसाचा पट्टा चढवून त्याला नायक करणे निरागस कसे असेल?

ते निरागस नाहीच, आणि सेन ते निरागस असल्याचा आव आणत नाहीत. जे स्वॉनला गावातली मुले फितूर समजतात, त्याचे गोरे सहकारी त्याला पाहुण्यासारखे वागवतात, आणि या दोन्ही बाजूंना देण्यासारखे उत्तर त्याच्याकडे नसते. आदिवासी शिपायाची जुनी भूमिका त्याच्या अंगावर आहे हे त्याला ठाऊक आहे, प्रेक्षकालाही. फरक एवढाच की आता ती कौशल्ये, खुणा वाचण्याची, माणसे ओळखण्याची, पहिल्यांदा मारणाऱ्याच्या नव्हे तर मेलेल्याच्या कामी येत आहेत. पोलिसाला नायक करण्याला सरसकट विरोध करणारे हे विसरतात की त्या वर्दीचा इतिहास दाखवायचा तर ती कोणाच्या तरी अंगावर दिसावी लागते. पोलिसांना कथेबाहेर ठेवले तर उरते फक्त आदिवासींचे दुःख, आणि ते आभाळातून पडल्यासारखे वाटू लागते.

यालाच जोडून दुसरा इतिहास येतो, आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. 1928 मध्ये मध्य ऑस्ट्रेलियातल्या कोनिस्टन परिसरात एका गोऱ्या माणसाच्या खुनाचा बदला म्हणून विल्यम मरे या घोडेस्वार पोलिसाच्या तुकडीने आदिवासींना ठार मारले. सरकारी आकडा 31 होता; वार्लपिरी आणि शेजारच्या समाजांच्या स्मृतीत तो कितीतरी पटींनी मोठा आहे. चौकशी मंडळ नेमले गेले, त्यात मरेला मोहिमेवर धाडणारा त्याचा वरिष्ठच सदस्य होता, आणि मंडळाने सर्व गोळीबार समर्थनीय ठरवला. 2004 मध्ये क्वीन्सलँडच्या पाम बेटावर एक आदिवासी माणूस अटकेनंतर तासाभरात कोठडीत मेला. त्याच्या यकृताचे जवळपास दोन तुकडे झाले होते. चौकशीसाठी आलेल्या अधिकाऱ्यांत त्या ठाण्यातील संबंधित पोलिसाचा मित्र होता, आणि पहिल्याच रात्री ते त्याच्या घरी जेवले. पुढे त्या पोलिसाची ज्युरीने मुक्तता केली. 2016 मध्ये फेडरल न्यायालयाने पोलिसांनी वंशभेदविरोधी कायद्याचा भंग केल्याचा निर्णय दिला, आणि 2018 मध्ये बेटावरच्या लोकांशी तीन कोटी डॉलरची तडजोड झाली. 1928 आणि 2004 यांच्यात पाऊण शतक गेले, कायदे बदलले, भाषा बदलली. पण चौकशी करणारा आणि ज्याची चौकशी करायची तो एकाच पंगतीला बसलेला असणे मात्र बदलले नाही. चौकशी हीच जर गुन्ह्याचा भाग होऊ शकते, तर चौकशीची कथा हीच त्या गुन्ह्याची कथा नव्हे काय?

प्रचाराचा आरोप करणारे इथे दोन मुद्दे पुढे करतात, आणि दोन्ही खरे आहेत. कायद्याने कधी आदिवासींची बाजू घेतलीच नाही, असे म्हणता येत नाही. 1838 मध्ये मायल क्रीक येथे किमान 28 आदिवासींची, त्यांत स्त्रिया आणि लहान मुले, कत्तल झाली तेव्हा अकरा जणांवर खटला भरला गेला. पहिल्या ज्युरीने सर्वांना सोडले, तरी दुसऱ्या खटल्यात सात जण दोषी ठरले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात फाशी गेले. दुसरा मुद्दा कोठडीतल्या मृत्यूंचा. 1987 ते 1991 या काळात काम केलेल्या शाही आयोगाने 99 मृत्यूंचा तपास केला आणि असा निष्कर्ष काढला की कोठडीत असलेला आदिवासी कोठडीतल्या इतरांपेक्षा अधिक प्रमाणात मरतो असे दिसत नाही. हे वाक्य पोलिसांचे समर्थक वारंवार उद्धृत करतात. पण त्याच अहवालातला पुढचा निष्कर्ष ते सोडून देतात: आदिवासी कोठडीत मरतात ते मुळात कोठडीत इतक्या प्रचंड संख्येने टाकले जातात म्हणून. आज ते लोकसंख्येच्या चार टक्क्यांहून कमी आणि कैद्यांच्या एक तृतीयांशाहून अधिक आहेत. आयोगाने 339 शिफारशी केल्या. सार्वजनिक ठिकाणी दारू पिऊन असणे हा गुन्हा मानू नये, ही त्यांतली एक साधी, बिनखर्ची शिफारस होती. व्हिक्टोरिया राज्याने ती अमलात आणली 2023 च्या नोव्हेंबरात, आणि तीही 2017 मध्ये रेल्वेत झोपलेल्या एका आदिवासी स्त्रीला याच कारणासाठी कोठडीत टाकल्यावर तिचा मृत्यू झाला म्हणून. अहवालानंतरच्या काळात कोठडीत मेलेल्या आदिवासींची संख्या पाचशेच्या पुढे गेली आहे.

मायल क्रीकचे उदाहरणही मुळापासून पाहिले तर उलट्या दिशेला बोट दाखवते. सात गोरे फासावर गेले, हे खरे. पण त्यानंतर सीमाभागातल्या हत्या थांबल्या नाहीत, त्या लपवल्या जाऊ लागल्या. प्रेते जाळण्यावर भर वाढला, साक्षीदार उरू नयेत याची खबरदारी घेतली जाऊ लागली, बोलणे बंद झाले. म्हणजे कायद्याने एकदा आपले काम चोख केले आणि समाजाने त्यातून एवढाच धडा घेतला की पुरावा ठेवायचा नाही. 1968 मध्ये मानववंशशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. एच. स्टॅनर यांनी आपल्या गाजलेल्या रेडिओ व्याख्यानांत या मौनाला राष्ट्रीय स्वरूपाचे मौन म्हटले. असे मौन मोडायला घोषणा पुरत नाहीत. पुरावा शोधावा लागतो, आणि तो शोधणारा माणूस दाखवावा लागतो. मला वाटते, म्हणूनच सेन यांच्या कथा भाषण न देता माणसांना एकमेकांसमोर बसवतात आणि प्रश्न-उत्तरांच्या मधल्या शांततेवर कॅमेरा ठेवतात.

'लिम्बो'वरचा एक आक्षेप वेगळा आहे आणि तो आदिवासी समाजाच्या हितचिंतकांकडून येतो: आदिवासी मुलीच्या मृत्यूची कथा पुन्हा एका गोऱ्या पुरुषाच्या चेहऱ्यावरून का सांगायची? इथे इतिहास आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने आहे. आर्थर अपफिल्ड या लेखकाने 1929 पासून नेपोलियन बोनापार्ट हा अर्ध-आदिवासी गुप्तहेर कादंबऱ्यांतून लोकप्रिय केला. 1972 मध्ये त्यावर दूरचित्रवाणी मालिका आली तेव्हा ती भूमिका जेम्स लॉरेन्सन या गोऱ्या नटाला रंग लावून देण्यात आली. देशात आदिवासी नट नव्हते असे नाही. पण नायकाचा चेहरा मात्र गोराच हवा होता. 1993 मध्ये ऑस्ट्रेलियन चित्रपट आयोगात आदिवासींसाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि आदिवासी दिग्दर्शकांची पिढी घडली, तिचा वारसा सांगणाऱ्याने पुन्हा गोरा गुप्तहेर मध्यभागी आणावा, हे बोचणारच. तरी फरक नीट पाहावा. लॉरेन्सनने आदिवासी माणसाची जागा घेतली होती. सायमन बेकरने साकारलेला 'लिम्बो'मधला गुप्तहेर मात्र स्वतःचीच, म्हणजे राज्यसंस्थेची जागा भरतो. तो उशिरा आलेला आहे, पोकळ झालेला आहे, आणि तो कोणाचाही तारणहार ठरत नाही. चित्रपटाचे वजन रॉब कॉलिन्स आणि नताशा वांगनीन यांनी उभ्या केलेल्या भावाबहिणीवर आहे. त्यांना त्या अधिकाऱ्याकडून आता न्यायाची अपेक्षाच उरलेली नाही, आणि हे पाहणे कोणत्याही आरोपपत्रापेक्षा अधिक जड जाते.

कुटुंबाचे हे दार बंद करणे परदेशी प्रेक्षकाला कधी कधी असहकार वाटते. त्यामागचा इतिहास कळला तर वाटणार नाही. क्वीन्सलँडच्या 1897 च्या 'संरक्षण' कायद्याखाली अनेक ठिकाणी पोलीसच आदिवासींचे 'संरक्षक' होते: कोणी कुठे राहायचे, कोणाशी लग्न करायचे, मजुरीचा पैसा कोणाच्या खात्यात ठेवायचा, हे तेच ठरवत. मुलांना आईपासून काढून संस्थांत नेण्याच्या कामातही पोलीस होते. 1997 च्या राष्ट्रीय चौकशीने 1910 ते 1970 या काळात दर तीन ते दहा आदिवासी मुलांमागे एक मूल अशा रीतीने हिरावले गेल्याचा अंदाज दिला. ज्या घरात आजीने पोलिसाची गाडी पाहून मुलांना झुडपात लपवले, त्या घरातल्या नातवाने गुप्तहेराला चहा विचारावा अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

महाराष्ट्राच्या वाचकाला हे सगळे दूरचे वाटू नये, आणि त्याचे कारण केवळ सहानुभूती नाही. एकाच साम्राज्याने त्याच दशकांत आपल्याकडेही असाच कायदा केला. 1871 चा गुन्हेगार जमातींचा कायदा 1911 च्या सुधारित रूपात मुंबई इलाख्यापर्यंत पोचला. माणूस जन्माने गुन्हेगार ठरला, हजेरी द्यायला ठाण्यात जाऊ लागला, आणि सोलापूरसारख्या ठिकाणी काटेरी तारांच्या वसाहतीत कोंडला गेला. हा कायदा 1952 मध्ये देशभर रद्द झाला, पण सराईत गुन्हेगारांच्या नावाने त्याची छाया पुढच्या कायद्यांत राहिली. आजही गावाच्या कडेला चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर गाडी जाते, आणि पालावरचे कोणी हरवले तर तक्रार नोंदवून घ्यायलाच किती खेटे घालावे लागतात, हे भटक्या-विमुक्तांत काम करणाऱ्या कोणालाही विचारावे. संशयाच्या वेळी पहिले आणि शोधाच्या वेळी शेवटचे, ही जागा दोन्ही खंडांतल्या लोकांना त्याच राजवटीने नेमून दिली.

संथपणा आणि तोकडे अंदाजपत्रक यांविषयी बरेच बोलले जाते, त्यावर थोडक्यात बोलतो. 'लिम्बो'चे लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन आणि संगीत सेन यांनी एकट्याने केले. याचे कौतुक करताना सावध राहायला हवे, कारण काटकसरीला कलेचे नाव देऊन आदिवासी दिग्दर्शकांना कायम कमी पैसे देण्याची सोय होऊ शकते. तरी कमी खर्चाने इथे कथेला धरून ठेवले आहे, असे मी म्हणेन. पाठलाग नाहीत, प्रयोगशाळेतले झगमगीत तंत्रज्ञान नाही, हेलिकॉप्टर नाही. आहे तो एक माणूस, एक जुनी गाडी आणि एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंतचे लांब अंतर. दुर्गम भागातल्या आदिवासीच्या वाट्याला येणारे पोलीस दल प्रत्यक्षात एवढेच तुटपुंजे असते. तपास वेगाने होत नाही म्हणून प्रेक्षक अस्वस्थ होत असेल, तर ज्यांनी वीस-तीस वर्षे वाट पाहिली त्यांच्या अस्वस्थतेचा तो एक छोटा अंश आहे.

मला सर्वांत अडचणीचा वाटणारा आक्षेप शेवटी राहतो, आणि त्याचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. या कथांना सुरू व्हायला प्रत्येक वेळी एक मेलेली आदिवासी मुलगी लागते. ती स्वतः फारशी बोलत नाही; तिच्याविषयी इतर बोलतात. आदिवासी स्त्रिया आणि मुले यांच्या बेपत्ता होण्याविषयी आणि खुनांविषयी ऑस्ट्रेलियाच्या सिनेटने 2021 मध्ये चौकशी सुरू केली, तिचा अहवाल 2024 च्या ऑगस्टमध्ये आला. कुटुंबीयांनी तिथे जे सांगितले त्याचा सूर वारंवार हाच होता की आमची मुलगी एक प्रकरण म्हणून नव्हे, माणूस म्हणून पाहिली जावी. या कसोटीवर 'मिस्टरी रोड' कमी पडतो, असे मला वाटते. त्यातली मुलगी जवळजवळ केवळ सुरुवातीचा धागा आहे. 'लिम्बो' या बाबतीत पुढे गेलेला आहे, कारण त्यात गुन्ह्यापेक्षा मुलीच्या नसण्याने घरात काय काय मोडले याला अधिक जागा मिळते: भाऊ आणि बहीण एकमेकांपासून तुटलेले, मुले एका घरातून दुसऱ्या घरात वाढलेली. हा प्रकार आणखी पुढे न्यायचा असेल तर तो आदिवासी स्त्रियांच्या हाती जायला हवा. दूरचित्रवाणीवर 2018 मध्ये 'मिस्टरी रोड'ची मालिका झाली तेव्हा तिचे दिग्दर्शन रेचल पर्किन्स या आदिवासी दिग्दर्शिकेने केले. ही सुरुवात आहे, ती पुरेशी नाही.

शेवटी कोणी विचारेल की इतके चित्रपट आले, बदलले काय? 1967 च्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक ऑस्ट्रेलियन मतदारांनी आदिवासींना जनगणनेत मोजण्याच्या आणि त्यांच्यासाठी केंद्राला कायदे करू देण्याच्या बाजूने मत दिले होते. 2023 च्या ऑक्टोबरात, 'लिम्बो' तिथल्या चित्रपटगृहांत येऊन गेल्यावर काही महिन्यांनी, आदिवासींना संसदेपुढे सल्ला देणारे मंडळ घटनेत असावे हा प्रस्ताव सुमारे साठ टक्के मतदारांनी आणि प्रत्येक राज्याने फेटाळला. चित्रपटाने मते वळवावीत ही अपेक्षाच मला गैर वाटते. 2019 मध्ये युएंडुमू या वार्लपिरी वस्तीत एकोणीस वर्षांच्या तरुणाला त्याच्या आजीच्या घरात पोलिसाने गोळ्या घातल्या. 2022 मध्ये ज्युरीने तो पोलीस निर्दोष ठरवला, आणि मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी 2025 मध्ये त्या पोलीस दलातल्या वंशभेदावर स्पष्ट बोट ठेवले. कोनिस्टनमध्ये मारले गेलेल्यांचे वंशज त्याच वस्तीत राहतात. त्या अहवालाची शेकडो पाने वाचायला बसणाऱ्या ऑस्ट्रेलियन नागरिकाला, आणि आपल्याकडे पालावरची तक्रार नोंदवून घेण्यासाठी टेबलामागे बसलेल्या हवालदारालाही, समोरचा माणूस का बोलत नाही हे आधीच ठाऊक असायला हवे. गुन्हेकथेने एवढे काम केले तरी प्रचाराचा किंवा पांघरुणाचा, दोन्हींपैकी कोणताही आरोप तिच्यावर टिकत नाही.